चार चौकटींतली दुरुस्ती

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज शुक्रवार, सुट्टी. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या खोलीतले बाकीचे तिघे बाजारात गेलेत आणि मी खाटेवर बसून तुम्हाला लिहितोय. कागद मांडीवर आहे, म्हणून अक्षर तुम्हाला आवडेल असं आलेलं नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलेत.

मी दहावीचा गणिताचा पेपर दिलाच नाही, हे कळायच्या आतच तुम्ही गेलात. नव्वदीच्या शेवटाला मी इथे आखातात एसीच्या कामावर आलो. पुढे टायपिंग शिकलो आणि दोन वर्षांपूर्वी अल सद्द भागातल्या एका छोट्या ऑफिसात लागलो. अर्जात ‘बारावी पास’ लिहिलं. तेव्हापासून साहेबांनी नुसती हाक मारली तरी वाटतं, कळलं यांना. पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे. कागद तपासायचं कुणाच्या मनात आलं, तर मला परतीच्या विमानात बसवायला दोन दिवस पुरतील.

आमचे साहेब केरळचे. त्यांचा एक गोरा मित्र पूर्वी इथल्या गॅसच्या कारखान्यात होता. आता तो युरोपातल्या त्याच्या देशात, आपल्या दोन जिल्ह्यांएवढ्या देशात, शेतीतून हवेत किती मिथेन जातो त्याचे तक्ते करतो. हाताने भरलेले कागद तो आमच्याकडे पाठवतो, ते मी टाइप करतो. गंमत बघा, हाच वायू इथे थंड करून जहाजात भरतात, त्याच्यावर हे सगळं शहर उभं राहतंय. तिथे मात्र तो निसटू नये म्हणून पहारा. गुरांचं पान वेगळं, पिकांचं वेगळं. पिकांच्या पानावर पहिलीच ओळ भाताची. भातखाचरातल्या साचलेल्या पाण्याखालून हा वायू निघतो, हे मी तिथे पहिल्यांदा वाचलं आणि विनाकारण घाबरलो. लावणीच्या चिखलात पाय रुतला की पोटरीजवळ बुडबुडे यायचे, ते आठवले. तुम्ही बांधावरून शाळेत यायचात, चपला हातात, पदर खोचलेला, आणि आम्ही चिखलातून ओरडायचो, ‘बाई, गुड मॉर्निंग!’ तुम्ही न थांबता म्हणायचात, ‘स्पेलिंग सांगा!’

एकदा तुम्ही माझ्या वहीवर दहापैकी दहा दिलेत आणि वही हातात देताना म्हणालात, ‘स्पेलिंग तुला येतं रे. अर्थ कधी विचारणार?’ सगळा वर्ग हसला. मला राग आला होता. त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमचा छोटा शब्दकोश दिलात, खाकी कागदाचं कव्हर घातलेला. तो मी इथे आणलाय. पिकांचं ते पान टाइप करतानाही तोच उघडला.

झालं ते असं. त्या पानावर भाताच्या चारही चौकटींत ‘एनओ’ अशी दोन इंग्रजी अक्षरं होती. त्या थंड देशात भात कुठला होणार! म्हणजे ‘नो’, नाही, मला कळलं. खालची ओळ होती कापणीनंतर राहिलेला पेंढा शेतात जाळण्याची. तिथे चारही चौकटींत ‘एनई’. मी शब्दकोश पाहिला. असा शब्दच नाही. मग मी चारही ठिकाणी ‘एनओ’ केलं. आमच्याकडे हिशेब बघणारे वसईचे अंकल तक्ते तपासून सही करतात. त्यांनी सही केली आणि कागद गेले.

तीन आठवड्यांनी तिकडून फॅक्स आला. गेल्या वर्षी ‘एनई’ होतं, यंदा ‘एनओ’ कसं? सोबत खुलाशाचं छापील पान होतं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं. ‘एनओ’ म्हणजे हे आमच्याकडे घडतच नाही. ‘एनई’ म्हणजे घडतं, पण मोजलेलं नाही. ते वाचताना कानशिलं गरम झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात, दुपारभर गावावर धूर असतो. तो कुणी कधी मोजलाय? आमच्या गावाचा तक्ता कुणी केला असता, तर त्या ओळीत ‘एनई’च आलं असतं. आणि राबाच्या धुरात वाढलेल्या मीच लिहून टाकलं, की घडत नाही.

सहा दिवस मी तो फॅक्स साहेबांना दाखवला नाही. डबा न उघडताच परत न्यायचो. अंकल म्हणाले, ‘काय रे, लग्न ठरलं की मोडलं? तोंड बघ आरशात.’ मी त्यांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, ‘गप बस. कोण विचारतोय गोऱ्याच्या पेंढ्याला? खलास.’

काल त्या मित्राने फोन केला आणि साहेबांनी दोघांना आत बोलावलं. आधी अंकलना विचारलं, ‘साइन आपका है ना? चेक किया था?’ परवापर्यंत माझी थट्टा करणारा माणूस शर्टाचं वरचं बटण लावत होता. पुढच्या वर्षी ते कायमचे वसईला जाणार आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, ‘टायपिंग मिस्टेक, सर. मेरी है.’ साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. ‘इतना ही? करेक्ट करके भेजो. यल्ला, जल्दी.’ बाहेर आल्यावर अंकलनी पाठीत धपाटा घातला. ‘एवढ्यासाठी उपाशी राहिलास, येड्या?’

भीती तिथेच संपायला हवी होती. पण आज सकाळपासून ती जास्तच आहे. टायपिंगची चूक असती तर ती तेवढीच असती. दोन वर्षांत मी शेकडो पानं टाइप केलीत. जे मला चुकीचं दिसलं, ते न विचारता सुधारत गेलो, आणि काय काय सुधारलं ते आता आठवत नाही. जुन्या फायली उघडून ताडून बघायला हव्यात. त्यासाठी साहेबांची परवानगी लागेल, आणि परवानगी मागायची तर खरं सांगावं लागेल. हे पत्र खरं तर त्यांच्या नावाने लिहायचं होतं. दोनदा ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून कागद फाडला. तुमच्या नावाने लिहिलेलं कुणाला द्यावं लागत नाही, म्हणून हे जमलं.

बोट घसरलं नव्हतं, बाई. गोऱ्या साहेबालाही स्पेलिंग येत नाही असं वाटून मी चारही वेळा नीट बघून बटण दाबलं, आणि चारही वेळा मला फार बरं वाटलं होतं.