जुना पेंढा

प्रिय बाईसाहेब,

रागावू नकोस, बाबा तुला अशीच हाक मारायचे, तीच सवय मला लागलीय. महिन्यापूर्वी ते गेले तेव्हा तू आलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस. ठीक आहे. आज बातमी कोंबड्यांची आहे.

बाबांनी आजारपणात सांगून ठेवलेल्या तीन बॅन्टम कोंबड्या रविवारी आल्या. मूठभर जीव, पण तोरा केवढा! नोकरीला जाताना तू मागे ठेवलेली तुझी कोंबडी, ठेंगी, म्हातारपणी एकटी पडू नये म्हणून त्यांना त्या हव्या होत्या. पाहुण्या येणार म्हटल्यावर मी कंबर कसली. माझा स्वच्छतेचा सोस तुला ठाऊकच आहे. बागेतलं खुराडं घासून धुतलं, चुना मारला, जुना पेंढा उकिरड्यावर टाकून नवा अंथरला. मधे जाळी लावली, म्हणजे आठ-दहा दिवस नुसती नजरेची ओळख. सगळं अगदी रीतसर. आणि ठेंगीच आत जाईना. दाराशी यायची, मान आत घालायची, परत फिरायची. दोन दिवस तिने दाण्याला तोंड लावलं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुझं म्हणावं असं या घरात तेवढंच उरलंय गं.

कोंबड्या देणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अहो, तिचं घरच धुऊन टाकलंत की तुम्ही, जुना पेंढा थोडा तरी ठेवायचा. उकिरड्यावरून टोपलीभर उचलून आणला आणि कोपऱ्यात पसरला. ठेंगी आली, पायाने उकरलं, अंग फुलवून बसली. मी जाळीला धरून रडले.

तू सात वर्षांची होतीस. तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. बाबांशी लग्न करून मी आले आणि दुसऱ्याच दिवशी घरातले सगळे अभ्रे धुवायला काढले. तुझ्या आईच्या उशीचा अभ्रा कुणी का धुतला नव्हता, हे विचारलं नाही, उलट नाक मुरडलं. तू शाळेतून आलीस, दोरीवरचा अभ्रा नाकाशी धरलास आणि गुपचूप आत गेलीस. मला वाटलं, पोर हट्टी आहे. वीस वर्षं तसंच वाटत राहिलं. पेंढा निदान उकिरड्यावर सापडला.

बाबांचा राखाडी स्वेटर, शेवटच्या आठवड्यात अंगात होता तो, दारामागच्या खुंटीवर आहे. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, धुऊन टाका. मी कुणाला हात लावू देत नाही. मीसुद्धा नाकाशी धरत नाही, उगीच वास सरेल म्हणून. तो तुझ्यासाठी ठेवलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण वास उडायच्या आत ये.

तुझीच,
मावशी