गाडी उंच होणार

मंगळवार, संध्याकाळ

पिकअपले मोठे टायर सांगून आलो. उद्या बसतील. हिंगण्याच्या कच्च्या रस्त्यावर माल भरला की गाडी खालून घासते, दुसरा इलाज नाही. पण गाडी उंच होणार, आणि लकवा मारल्यापासून बाबांचा डावा पाय आधीच नीट उचलत नाही. माझ्या खांद्याला धरून चढतात, दिवसभर शेजारी बसतात. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. दुकानदार म्हणाला, पायदान लावा. पण तो पाय पायदानापर्यंत तरी जाईल का?

गाडीत बसलेले बाबाच म्हणाले, "मोठेच टाक गा. मी नाही येत उद्यापासून."

मी नुसतं "बरं" म्हटलं. काहून म्हटलं?

परतताना त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि मनीषनगरात घर येईपर्यंत बाहेर पाहत राहिले.