जावईबापूंची सही

प्रिय जावईबापू,

कायमचं तुमच्या देशात, तुमच्या घरी राहायला येण्यासाठी काल माझी व्हिसाची मुलाखत झाली. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमची बायको शाळेत होती तेव्हा मी वर्षभर तुरुंगात होतो. "बाबा बाहेरगावी कामाला होते," हे तिने तुम्हाला माझ्याच सांगण्यावरून सांगितलं.

मी वेल्डर. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. जिन्याच्या कठड्याला मी केलेला जोड ठेकेदाराने चारचौघांत वाकडा ठरवला, आणि मी हातातला हातोडा त्याच्या खांद्यावर घातला.

मुलाखतीला सोबत आलेल्या वकिलाने आधीच बजावलं होतं, "काका, पश्चात्ताप झाला म्हणा आणि गप्प बसा." पण मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी भांडणाचं कारण विचारलं, तेव्हा राहवलं नाही. म्हणालो, "मारलं ते चुकलंच. जोड मात्र सरळ होता." वकिलाने कपाळाला हात लावला. साहेबांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाले, "जावयाला हे सगळं माहीत आहे, अशी त्यांची सही आणा."

लेक म्हणते, "बाबा, मी गोडीगुलाबीने घेते सही." मी नको म्हणालो.

हे पत्रही पाठवत नाही. आत्ता वाचून पाहिलं, तर ठेकेदाराचं हाड मोडलं होतं, तेवढंच लिहायचं मी टाळलंय. रविवारी तुमचा फोन आला की तिथूनच सुरुवात करेन. मग सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. लेकीला मात्र बोल लावू नका.

तुमचा,
सासरा