वेगळ्या कुटुंबांचं कपाट

मंगळवार, ४ मार्च. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच वेळी वाचनालयाच्या बालविभागात मला ते कपाट दिसलं. नवंकोरं, पिवळंजर्द. वर पाटी — ‘वेगळी कुटुंबं’.

वेगळी? कुणापासून वेगळी?

आत काय, तर माझ्या चिंगीची सगळी लाडकी पुस्तकं. आई गव्हाळ, बाबा काळेभोर, पोर मधल्याच कुठल्यातरी सुंदर रंगाची — माझी लेक, माझे जावई, माझी नात, हुबेहूब. पण एका गोष्टीत पोरीचा दात पडतो. दुसरीत भाऊ-भाऊ होडीवरून भांडतात. तिसरीत कुत्रा हरवतो. दात पडायला कुटुंब वेगळं लागतं का?

ग्रंथपाल बाईंना विचारलं. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “आजी, शोधायला सोपं जावं म्हणून.”

मी त्यांची आजी नव्हे.

बुधवार, ५ मार्च

डोक्यातला भुंगा जात नाही. जन्मभर इस्पितळाचा नोंदविभाग सांभाळला. तापाचा कागद तापात, हाडाचा हाडात. पेशंट काळा की गोरा, याच्याशी खणाला देणंघेणं नाही. चुकीच्या खणात फाइल दिसली की माझे हात आपोआप पुढे व्हायचे.

आज झाले.

दात दातांत ठेवला, होडी होड्यांत. कुत्रा प्राण्यांत गेला, एका सशाच्या शेजारी. उठताना गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला. कुणाचं लक्ष नव्हतं. म्हाताऱ्या बाईकडे कुणाचंच नसतं — कधीकधी सोय होते.

गुरुवार, ६ मार्च

उरलेलं कपाट रिकामं केलं. संध्याकाळी फोन वाजला — राँग नंबर. तरी थोडं बोलले. त्यालाही घाई नव्हती.

शनिवार, ८ मार्च

चिंगीचा दिवस. माझ्या आठवड्यात वार हा एकच, बाकीचे नुसते त्याच्यासाठी रांगेत उभे.

येताना घरची दोन पुस्तकं घेऊन आली. मी वाचत होते, ती पालथी पडून ऐकत होती. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत सगळे देवदूत सोनेरी केसांचे. आपण त्यात नाही, हे आम्हाला खटकायचंसुद्धा नाही. ही पाच वर्षांची पोर चित्रातल्या कुरळ्या केसांवर बोट ठेवते आणि म्हणते, “ही मी.” इतकं सहज!

चारला लेक घेऊन गेली. दारातूनच. गाडी चालू होती. सोफ्याखाली चिंगीचा एक मोजा राहिलाय. धुतला नाही.

सोमवार, १० मार्च

लेकीचा फोन. रडत होती.

काल सगळे वाचनालयात गेले. कपाट रिकामं. चिंगी त्याच्यापुढे उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, “आपली पुस्तकं कुणाला आवडली नाहीत का?” जावयांनी तिला कडेवर उचललं आणि तसेच घरी घेऊन आले.

आणि मग कळलं — ते कपाट लेकीनंच मागून घेतलं होतं. वर्षभर ग्रंथपाल बाईंच्या मागे लागून. पाटीवरचे शब्दही तिचेच. चिंगीला अजून वाचता येत नाही, पण पिवळं कपाट ओळखता येतं. मी सगळं लावलं ते वाचता येणाऱ्यांच्या सोयीनं.

मला सांगायचं राहून गेलं म्हणे. बऱ्याच गोष्टी राहतात.

“आई, कुणीतरी द्वेषानं केलंय हे,” ती म्हणाली. “वाचनालयाला तूच लिही. तुझ्यासारखं झणझणीत कुणाला जमतं?”

किती दिवसांनी तिनं माझ्याकडे काही मागितलं! मी हो म्हणून बसले.

मंगळवार, ११ मार्च

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या — तोंडी ती कुरकुर, लेखी ती तक्रार. तक्रार फर्मास उतरली. ‘अशा कोत्या मनाच्या व्यक्तीस’ इथवर. मग पेन चालेना.

दुपारी पुस्तकं गुपचूप परत पिवळ्या कपाटात ठेवायला गेले, तर दात कुणीतरी घरी नेलेला. कुत्राही गेला. ग्रंथपाल बाई कुणाला तरी सांगत होत्या, आजवर ही पुस्तकं दोन-तीन घरांपलीकडे जात नव्हती, आता भराभर जातायत, काय झालंय कळत नाही.

म्हणजे माझंही अगदीच चुकलं नव्हतं. पण हे सांगू कुणाला? जिला सांगावं, तिचंच कपाट.

बुधवार, १२ मार्च

तक्रार फाडली. त्याऐवजी लेकीला चिठ्ठी पाठवली. तिची ही नक्कल:

‘कपाट मी रिकामं केलं. द्वेषानं नाही, पण पोरीला ते कसं कळावं? तिला मी स्वतः सांगेन, जावयांनाही. शनिवारी तिला माझ्याकडे आणणार की नाही, हे शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. “नाही” असेल तर ते मला तुझ्या आवाजात ऐकवणार नाही.’