झेंडा हलत नाही

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा खाली! बाकीच्या जोड्या दोरांवर लोंबणाऱ्या पाळण्यात उभ्या राहून वरच्या मजल्यांच्या काचा पुसायला गेल्या. मी आणि दाजी तळमजल्यावर — बादली, फडकं, बादली.

इथली रीत अशी. मुकादम सकाळी फाटकापाशी प्रत्येक जोडीला विचारतो, हवा कशी आहे. जोडीतला एकजण जरी वाईट म्हणाला तरी ती जोडी वर जात नाही. आमच्या जोडीचं दाजीच बोलतात. ग्रीकमध्ये, इथल्या भाषेत. मला ओ की ठो कळत नाही. दाजी पुटपुटतात, मुकादम माझ्याकडे बघतो, वहीत लिहितो, झालं.

माझ्याबद्दलच काहीतरी सांगत असणार. नक्की.

मंगळवार, ५ मार्च

दाजींना विचारलं, रोज काय सांगता हो त्याला? "हवेचं." एवढंच. घरी बापालासुद्धा काही लपवायचं असलं की तो असाच हवापाण्यावर यायचा.

गुरुवार, ७ मार्च

एकोणतीस तारखेच्या आत दहा वेळा वर गेलेला माणूसच कायम होतो. नाहीतर गाठोडं बांधा. माझी एकही फेरी नाही! दुसरी जोडी मागायची सोय नाही — ज्याने कामाला आणलं त्याच्याबरोबरच नवा माणूस चढतो. मला आणलं दाजींनी. आणून खाली का बसवलं?

शनिवार, ९ मार्च

बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ग्रीक शिकायचं पुस्तक मिळालं. आधीच्या मालकाने पाचव्या धड्यानंतर नाद सोडलेला दिसतो, पुढची पानं कोरी करकरीत. सहावा धडा सगळा हवेचा. त्यातली माणसं छत्री घेऊन भेटतात, हवेचं बोलतात आणि घरी जातात. पोटापाण्याचं कुणी काही विचारत नाही. आणि या भाषेत थंडी असत नाही, कुणीतरी थंडी 'करतं'. कोण करतं, ते दिलेलं नाही. इथेही लपवाछपवी!

आता दाजींना पकडतो.

सोमवार, ११ मार्च

पकडलं. आज कान टवकारून अगदी जवळ उभा राहिलो. दाजी म्हणाले, "फिसाई." दुपारी शौचालयात जाऊन पान उघडलं. फिसाई म्हणजे वारा सुटलाय.

वारा? फाटकावरचा झेंडा वाळत घातलेल्या ओल्या पायजम्यासारखा लटकत होता! म्हणजे दाजी खोटं सांगतात. रोज. सख्ख्या बहिणीचा नवरा! त्यांचा धाकटा भाऊ गावाला रिकामा बसलाय, आता पडला डोक्यात प्रकाश. मी परत गेलो की तो येणार.

बुधवार, १३ मार्च

ताईला फोन केला. आडून आडून विचारलं, दिराचं काय चाललंय म्हणून. तिने बरोबर ओळखलं. म्हणाली, तुझ्यासाठी त्यांनी मुकादमाचे पाय धरले, आणि तू त्यांच्यावरच संशय घेतोस? मी म्हटलं, रेंज जातेय.

ती तिथे बसून काय बघणार? झेंडा मी बघतो.

गुरुवार, १४ मार्च

लिहू की नको. लिहितो.

मुकादमाने विचारलं तसा मी दाजींच्या आधी बोललो. एखी ईलिओ, देन फिसाई. ऊन आहे, वारा नाही. माझे उच्चार ऐकून बाकीचे खो खो हसले. मुकादम हसला नाही. तो दाजींकडे बघत राहिला. दाजींनी वारा आहे म्हटलं असतं तरी वर जाणं टळलं असतं, एकाचा शब्द पुरतो. त्यांनी पट्टा बांधला आणि माझ्या आधी पाळण्यात चढले.

दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक. चौथ्यावर मागे वळून बघतो तर दाजी खाली बसलेले. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, डोळे गच्च मिटलेले, शर्ट घामाने चिंब. पाळणा जागचा हलत नव्हता. दाजी थरथरत होते.

"दिवाळीआधी एक दोर सुटला होता रे," म्हणाले. "एका बाजूला लटकत होतो, तासभर. तेव्हापासून हे असं होतं. वाटलं होतं, घरचा माणूस शेजारी असला की जमेल."

मग म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

मी खाली हाताने खूण केली. त्यांनी पाळणा उतरवला. दाजींच्या पट्ट्याचा आकडा मुकादमाने स्वतः सोडला, त्यांना पाणी दिलं, आणि काहीएक विचारलं नाही. काय विचारणार? झेंडा त्यालाही दिसतोच की. इतके महिने.

काचा पुसल्या नाहीत. फेरी धरली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

चहा पिताना दाजी म्हणाले, आज मुकादमाला खरं सांगून टाकतो, मग तुला दुसरी जोडी द्यावीच लागेल त्याला. आणि मग तुम्ही? मी म्हटलं. जो चढू शकत नाही त्याला इथे ठेवत नाहीत. दाजी बशीतला चहा फुंकत बसले. चहा केव्हाच गार झाला होता.

फाटकापाशी मुकादमाने विचारलं, हवा कशी? दाजींनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोललो.

"फिसाई."

आज कुणी हसलं नाही.