रव्याच्या रांगा

बाई, आज माझ्या वर्गात रवा रांगेत उभा राहिला आणि पस्तीस मुली एकदम ओरडल्या. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि तुम्हाला जाऊन तर बारा वर्षं झाली.

अकरावीत तुम्ही हाच प्रयोग करायच्या. बशीत एरंडेल, त्यात तांब्याच्या दोन तारा, वर चिमूटभर रवा. हाताने फिरवायच्या यंत्राने तारांना विद्युतभार दिला, की दाणे एका तारेपासून दुसरीपर्यंत वळणदार रांगा धरतात आणि न दिसणारं विद्युतक्षेत्र डोळ्यांना दिसतं. आमच्या वर्गाला दाखवलात त्या दिवशी हवा दमट होती; दाणा हलला नाही. मी मात्र पुस्तकात बघून जर्नलमध्ये सुबक रेषा काढल्या. तुम्ही ते पान सगळ्यांसमोर उचललंत. "काहून वं, तुले दिसल्या या रेषा?" "नाही बाई. मार्क कटतील म्हणून काढल्या." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "नाही दिसलं, तर नाही दिसलं असं लिहायचं. खोटं काढणाऱ्याचं माझ्या लॅबमध्ये काम नाही." मी घरी येऊन जेवले नाही. हिंगण्याहून ड्युटी संपवून आलेल्या बाबांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

आणि रविवारी सकाळी तुमची लुना आमच्या दारात. "चाल, बस मागं. यंत्र सांभाळ." गोणपाटात गुंडाळलेलं ते यंत्र मांडीवर घेऊन मी सक्करदऱ्याला तुमच्या घरी येते. तुम्ही ते गच्चीवर उन्हात ठेवता, त्याच्या फिरत्या चकत्या कोरड्या फडक्याने पुसता, उपम्याचा रवा कढईत गरम करून घेता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशी. मी दांडा फिरवते, चट् चट् ठिणगी उडते, आणि दाणे सरसर वळतात! "पाह्य, पाह्य वं!" तुम्ही माझा खांदा इतका जोरात दाबलात की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. मी शिक्षिका होणार, हे तिथेच ठरलं.

आता नंदनवनच्या शाळेत शिकवते. यंत्र जुनंच, माझा प्रयोग दोनदा फसलेला. मुख्याध्यापक म्हणाले होते, "मॅडम, व्हिडिओ दाखवून टाका ना. या डब्ब्याले भंगारात देऊन राहिलो आपण सोमवारी." आज शनिवार, म्हणजे आजचीच काय ती संधी. सकाळपासून केस वाळवायच्या मशीनने चकत्या वाळवत होते. बशीवर मोबाइलचा कॅमेरा धरला, प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र पाडलं, एका मुलीला दांडा दिला. आधी काहीच नाही. मग एक दाणा फिरला, मग दहा, मग सगळी भिंतच रेषांनी भरली! आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक धावत आले, काय झालं म्हणून. आणि दोन मिनिटांनी स्वतःच बाह्या सारून दांडा फिरवत होते. "अरे, मले तर आजपर्यंत वाटे हे फक्त पुस्तकातच होते!" यंत्र राहणार आहे, बाई.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक कबूल करते. तास संपल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "पुस्तकात आहे सगळं." तुमचं नाव घेतलं असतं, तर मुलींसमोर रडले असते.