या कपाटाला हात लावू नये

६ फेब्रुवारी, सकाळी

नवीन रोजनिशी. मागच्या तीन डायऱ्या जानेवारीतच आटपल्या, पण तेव्हा पाठ दुखत होती. आता ऑपरेशन झालंय. सबब उरलेली नाही.

संकल्प. रोज अर्धा तास चालायचं. मॅडमबद्दल मनात अढी ठेवायची नाही. आणि चौदा मार्चला समितीपुढे असा निकाल ठेवायचा की सगळ्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. निकाल नाही तर माझी लॅबची खोली मॅडमच्या टीमला जाणार आणि मला वाचनालयाच्या जिन्याखालचं टेबल. तिथे एक बंद पडलेला प्रिंटर राहतो. मी दुसरा.

मॅडम म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला पिपेट धरायला मी शिकवलं. आज ती विभागप्रमुख आहे आणि मी तिला अहोजाहो करतो. गुरूची विद्या गुरूला.

अढीचं नंतर बघू.

७ फेब्रुवारी

प्रयोग सुरू. समितीतल्या अर्ध्या लोकांना काही कळत नाही, म्हणून सोप्या भाषेत मांडणीची तालीम इथेच करतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिच्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे ऑक्सिजन फार कमी पोचतो. तिथल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून कधीतरी नवी गादी घडवता येईल त्या मूळ पेशी, तेवढ्याच ऑक्सिजनवर रुळलेल्या असतात. बाहेरच्या हवेत वाढवल्या तर लवकर थकतात, असं मॅडमचे पेपर सांगतात. किती थकतात ते मी दाखवणार. दोन इन्क्युबेटर, म्हणजे उबदार कपाटंच. एकात साधी हवा. दुसऱ्यात सिलेंडरमधून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन पाच टक्क्यांवर आणलेला.

पेशी कुणाच्या? नमुना क्रमांक सात. नाव कुणाला कळू द्यायचं नाही, नियम आहे. पण नमुना आला त्या दिवशी सर्जननी एकाच माणसाची सरकलेली गादी काढली, आणि तो माणूस मी होतो. हे कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गादीत रक्तच नाही, त्यामुळे रक्ताचं नातं म्हणता येणार नाही, पण आज मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर जरा भरून आलं. बांधा चांगला आहे.

८ फेब्रुवारी

मॅडमच्या टीममधल्या कुणीतरी माझं कपाट उघडलं. म्हणे, आकडा नीट आहे का ते पाहत होतो. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते, एवढंही कळत नाही. चांगलाच झापला. मग ठळक अक्षरांत पाट्या छापल्या: या कपाटाला हात लावू नये. कोणीही. कोणत्याही कारणासाठी. एक दारावर, एक सिलेंडरवर, एक खोलीबाहेर.

घरी अभिमानाने सांगितलं. बायको म्हणाली, एक जास्तीची आणायची होती, तुमच्या गळ्यात अडकवली असती.

११ फेब्रुवारी

चालायला गेलो नाही. बूट जुने आहेत.

डॉक्टरांनी जड उचलायला, ढकलायला मनाई केलीय. बायकोने आज पुन्हा आठवण करून दिली. म्हटलं, मी काय हमाल आहे? ती म्हणाली, हमालाला पाठीची किंमत कळते.

१३ फेब्रुवारी

सिलेंडरवाला महिन्याच्या फेरीला आला होता. पाटी वाचून दारातूनच परत गेला. शिस्त लावली की लागते. उगीच लोक म्हणतात माझं कुणी ऐकत नाही.

१७ फेब्रुवारी, दुपारी

कपाट बीप बीप करतंय. दर मिनिटाला. लिहायला बसलो की हमखास.

१८ फेब्रुवारी

सोय सापडली. पॅनेलवर म्यूटचं बटण आहे. यंत्रं कुरकुरतातच, फिल्टर बदला, सर्व्हिसिंग करा. कंपन्यांचे धंदे. पाच टक्क्यांवर मी माझ्या हाताने लावलंय, पुन्हा बघायची गरज नाही.

खोलीत किती शांत वाटतंय. हे बटण घरी असतं तर.

२१ फेब्रुवारी

मॅडमचा मेसेज. सर, तुमच्या खोलीतून आवाज येत होता, नायट्रोजन संपत आला नाही ना? हवं तर आमच्याकडची माणसं बदलून देतील.

आमच्याकडची माणसं! म्हणजे आधी माणसं येणार, मग त्यांची टेबलं, मग त्या स्वतः. उंटाला तंबूत मान घालू दिली की काय होतं ते मला शिकवू नये. उत्तर पाठवलं: धन्यवाद. माझं मी बघतो.

बघायला गेलो नाही. गेलो असतो तर त्यांचं ऐकल्यासारखं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

बायको बहिणीकडे गेली. आठवडाभर सांगत होती म्हणे. मला आजच कळलं. जाताना म्हणाली, मी काय म्हणतेय ते तुम्हाला ऐकू येतं, पोचत नाही. मी म्हटलं, चौदा तारीख होऊ दे, मग निवांत बोलू. ती म्हणाली, गेल्या वर्षी तारीख वेगळी होती.

घर रिकामं. चालायला जायची उत्तम संधी. पाऊल उचलेना.

१ मार्च

मोजणी केली. दोन्ही कपाटांतल्या पेशी सारख्याच. वाढ सारखी, थकवाही सारखाच. पाच टक्के काय आणि साधी हवा काय, तसूभर फरक नाही. पुन्हा मोजलं. तेच.

जिन्याखालचा प्रिंटर डोळ्यांपुढे आला.

२ मार्च, पहाटे

काल मी मूर्खासारखा रडकुंडीला आलो. फरक नाही, हाच तर निकाल. जगातल्या सगळ्या लॅब म्हणतात फरक पडतो. मॅडमची अख्खी कारकीर्द त्या फरकावर उभी आहे. आणि माझ्या पेशी म्हणतात, आम्हाला काही फरक पडत नाही. मुळात चिवट वाण. माझे वडीलही असेच होते, कुठल्याच हवेचा त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

मॅडमच्या पायाखालची वाळू सरकणार. वाईटही वाटतंय. थोडंसं.

८ मार्च

स्लाइड तयार. शेवटच्या स्लाइडवर फक्त एक वाक्य: आपण सगळे चुकत होतो. सगळे म्हणजे कोण, ते मॅडमना कळेल.

मॅडमनी दार वाजवलं. म्हणाल्या, सर, सादरीकरणाआधी एकदा एकत्र नजर टाकू या का? दार अर्धंच उघडून सांगितलं की पाटी सगळ्यांसाठी आहे. पाटी वाचून त्या गेल्या. घाबरल्यासारख्या दिसल्या. बायकोला फोन करून सांगितलं, मॅडम घाबरल्यात. ती म्हणाली, कुणासाठी?

काहीही विचारते.

१४ मार्च, सकाळी

आज. इस्त्रीचा शर्ट. पाठ ताठ.

१४ मार्च, संध्याकाळी

सादरीकरण झक्क झालं. शेवटच्या स्लाइडपर्यंत.

मग मॅडमनी एकच प्रश्न विचारला. आत ऑक्सिजन किती होता? मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, लावलेला पाच, की आत असलेला पाच? मी म्हटलं, दोन्ही एकच. समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्याने खुर्ची मागे ढकलली. म्हणाला, चला, बघून येऊ.

माझ्या पाट्या ओलांडून सगळे आत आले. पॅनेलवर दोन आकडे असतात. वरचा लावलेला, पाच. खालचा आतला, वीस. सिलेंडरचा काटा शून्यावर. म्यूटचा लाल दिवा मिणमिणत होता.

म्हणजे दोन्ही कपाटांत साधीच हवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मी हवेची तुलना हवेशी करत होतो, आणि बरोबर निकाल आला होता. फरक नाही.

कुणी हसलं नाही. म्हातारा सदस्य पाटी वाचत होता. कोणत्याही कारणासाठी, असं त्याने मोठ्याने वाचलं. मॅडम म्हणाल्या, यंत्राचा बिघाड होऊ शकतो, सर. मला वाचवायला म्हणाल्या. मी म्हटलं, हो, बिघाडच आहे.

खोली सोमवारपर्यंत रिकामी करायची आहे.

१५ मार्च

बायको परत आली. सगळं सांगितलं. पेशी माझ्याच होत्या हेही सांगून टाकलं. वाटलं आता हसेल, टोमणा मारेल, मग मलाही चिडता येईल. तिने माझी बॅग उचलून आत ठेवली. जड होती, म्हणाली.

त्यापेक्षा टोमणा बरा होता. लाज वाटतेय. लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी हे दुसऱ्या कुणावर तरी ढकलेन.

१६ मार्च

सिलेंडरवाल्याने पाटी वाचून परत जायला नको होतं. माणसाने थोडं डोकं वापरावं.

४ एप्रिल

जिन्याखालचं टेबल. प्रिंटरने माझ्यासाठी जागा केली नाही.

मॅडमनी बोलावलं. क्रमांक सातच्या गोठवून ठेवलेल्या पेशी त्यांनी आपल्या कपाटात वाढवल्या होत्या, खऱ्या पाच टक्क्यांवर. मायक्रोस्कोपला डोळा लावला. इतक्या टवटवीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, फार छान नमुना आहे सर, फक्त नीट वागवायला हवा. माझ्याच पाठीतल्या, आणि माझ्याकडे महिनाभर थकत बसल्या होत्या. सांगावंसं वाटलं की त्या माझ्या आहेत. नियम आहे, म्हणून गप्प बसलो.

मॅडमना फोन आला, त्या बाहेर गेल्या. त्यांच्या कपाटावरही पाटी आहे, हाताने लिहिलेली: आवाज आला तर कोणीही या आणि बघा. मी वाचत होतो तेवढ्यात कपाट वाजायला लागलं. बोट आपोआप म्यूटवर गेलं. बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. ताजी दिसत होती. मी येणार म्हणून लावली असावी.

सिलेंडरचा काटा पाहिला, शून्याजवळ आला होता. नवा सिलेंडर मला ढकलता येत नाही. मग दारात जाऊन मॅडमना हाक मारली.